चौकटीवरच्या रेघा

बाबा रेघा मोजायचे.
दाराच्या चौकटीवर, डाव्या हाताला, खिळ्याने.
सडकेवरच्यांचा चेअरमन झाला की वरच्या अंगाला एक,
बाजारगावचा झाला की मधोमध एक,
आणि खाली, उंबऱ्याजवळ, आमची जागा,
खाडीच्या सात गावांची.
तिथं लाकूड कोरं.
भरतीचं पाणी पावसाळ्यात तिथवर चढायचं
आणि उतरताना तेलाचा तवंग ठेवून जायचं.
आमची नोंद तेवढीच.

करार कुठं लिहिलेला नव्हता.
कोला फोडून, जिनचे चार थेंब जमिनीवर सांडून
बारा म्हाताऱ्यांनी एकमेकांना दिलेला शब्द :
आधी तुम्ही, मग ते, मग आम्ही.
बारावा म्हातारा, पा इनेमो, मागच्या वर्षी पुरला.
आता साक्षीला फक्त बाबा,
जे तेव्हा पोरगेले होते
आणि बाटली धरायला उभे होते.

दोनदा आली होती पाळी.
पहिल्यांदा म्हणाले, तुमच्यात शिकलेलं कोण आहे?
दुसऱ्यांदा म्हणाले, पाळीबिळी पुरे, आता लायकी बघू.
आई मासे धुरावर लावत होती.
"आपली होडी धक्क्याला लागली
की यांची लायकी जन्माला येते,"
ती म्हणाली, आणि बराच वेळ खोकली.

मला पाळी कळली ती नळावर.
पहाटे चारपासून पिवळे कॅन रांगेत,
एकाला बूच नाही, एकाच्या कानाला लाल चिंधी,
माणसं घरी झोपलेली,
तरी चिंधीच्या पुढं कुणी सरकत नाही.
टोनब्राची सून बाळंत झाली तेव्हा
तिचा कॅन शेजारणीने भरला, तिच्याच नंबरावर.
कोला नाही. जिन नाही.
पाळी बोलायची नसते, पाळायची असते.

या वर्षी मिळाली.
खरंच मिळाली.
पोर्ट हार्कोर्टहून माणूस आला
दोन इंजिनांच्या बोटीतून, पांढरा झगा सावरत.
खाडीचाच म्हणे, आजोबा इथले.
धक्क्यावर उतरताना त्याने हळूच मला विचारलं,
"या गावाचं नाव काय?"
मी सांगितलं.
मग माइकवरून त्याने ते तीनदा घेतलं,
तिन्ही वेळा चुकीचं.

तरी नाचलो. खोटं कशाला सांगू?
पक्षाने वाटलेलं कापड कमरेला गुंडाळून
मीसुद्धा नाचले.
मोडक्यातोडक्या का होईना, आमच्या बोलीत
त्याने विचारलं, "सगळे नीट उठलात ना?"
काउन्सिलच्या माइकमधून ही बोली
मी जन्मात ऐकली नव्हती.
लेयेफाकाकू तर रडलीच,
आणि मग स्वतःवरच चिडली.

रात्री लगेच भांडण.
सातांतलं पहिलं गाव कोणतं?
आमच्यातली वरची आळी की खालची?
खालच्या आळीत थोरल्या बायकोची मुलं
की धाकटीची?
आई कोपऱ्यातून म्हणाली, "आणि बायकांची कधी?"
कुणी हसलं नाही.
कुणी ऐकलंच नव्हतं.

बाबांना आता दिसत नाही.
"ओढलीस का रेघ?"
मी खिळा घेऊन उंबऱ्याशी वाकले.
इतकी वर्षं पाणी पिऊन लाकूड मऊ झालेलं,
खिळा टेकवला तर भुसाच हातात येतो.
ओढली कशीबशी.
त्यांचं बोट धरून खाली नेलं.
बोट त्या रेघेवरून गेलं, थांबलं,
पुन्हा मागे आलं.

"लायकी बघ जरा," ते म्हणाले,
हसले असावेत,
"ही रेघच आहे ना? की वाळवी?"